शब्दचर्चा: 'एकूण रोध', 'परिणामी रोध' की 'तुल्य रोध'?

प्रश्न:
मी दहावीला विज्ञान शिकवते. परिपथातल्या अनेक रोधांच्या (विद्युतधारेला होणाऱ्या अडथळ्यांच्या) जागी जो एकच रोध बसवता येईल, त्याला कुणी परिणामी रोध म्हणतं, कुणी समतुल्य. वर्गात मी आजवर 'एकूण रोध' म्हणत आले. परवा ३ आणि ६ ओहम समांतर जोडायला दिले, तर बऱ्याच मुलांनी उत्तर ९ लिहिलं. सूत्र त्यांना पाठ आहे. माझा शब्द चुकतोय का?

प्रतिसाद:
मला वाटतं, शब्दच चुकतोय. 'एकूण' ऐकलं की हात बेरजेकडे जातो. एकसर जोडणीत ते खपून जातं, कारण तिथे बेरीजच असते. इथे उत्तर आहे २ ओहम, दोघांतल्या लहान रोधापेक्षाही कमी. एकूण हे भागापेक्षा लहान कसं, असं मुलाला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

'तुल्य'मध्ये तुला आहे, तराजू. एका पारड्यात ३ आणि ६ ची जोडी, दुसऱ्यात एकटा २. तोलायची ती विद्युतधारा. टोकांना १२ व्होल्ट लावा: ३ ओहममधून ४ अँपिअर, ६ मधून २, मिळून ६ अँपिअर. एकट्या २ ओहममधूनही तेवढीच. बॅटरीला दोन्हींत फरक कळत नाही. तुल्यबळ मल्ल दिसायला सारखे नसतात, तसंच हे. 'समतुल्य'मधला 'सम' मला जास्तीचा वाटतो, पण शब्द रुळलाय, त्याला चूक म्हणणार नाही.

प्रतिसाद:
'परिणामी'ची एक अडचण नोंदवतो. मराठीत 'परिणामी' म्हणजे 'त्यामुळे' असाही अर्थ होतो. 'दुसरा रोध समांतर जोडला, परिणामी रोध २ ओहम झाला.' हे वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं. उत्तरपत्रिका तपासताना मी इथे अडखळलो आहे.

प्रतिसाद:
'एकसर' आणि 'समांतर' या शब्दांबद्दलही बोलायला हवं. एकसर फार सुंदर शब्द आहे: सर म्हणजे माळेचा पदर, एका दोऱ्यात ओवलेले मणी. जी धारा पहिल्या मण्यातून जाते तीच शेवटच्यातून, मध्ये फाटा नाही. 'समांतर' मात्र डोळ्यांना फसवतो, कारण तो भूमितीतून आलाय. मुलं समांतर रेषा शोधत बसतात.

एकदा हे करून बघा. अ, ब, क, ड असे चार बिंदू एका ओळीत काढा, लगतच्या प्रत्येक जोडीत ६ ओहम. आता साध्या तारेने अ ला क जोडा आणि ब ला ड. चित्र अजूनही माळेसारखंच दिसतं आणि अ ते ड किती विचारलं की मुलं १८ सांगतात. पण तारेने जोडलेले बिंदू विजेच्या दृष्टीने एकच. म्हणजे तिन्ही रोधांचं एक टोक अ वर, दुसरं ब वर. तिन्ही समांतर, उत्तर २ ओहम. कागदावर मात्र एकही समांतर रेषा नाही. म्हणून मी वर्गात 'दोन्ही टोकं सामाईक' असं म्हणतो आणि मग समांतर हे नाव देतो.

प्रश्नकर्ती:
हे उद्याच फळ्यावर काढते. मग 'तुल्य रोध काढा' एवढं म्हटलं की पुरे?

प्रतिसाद:
नाही, अजून एक शब्द हवा: 'मधला'. अ, ब, क, ड चा चौरस घ्या, प्रत्येक बाजूवर ६ ओहम. अ आणि ब मधला तुल्य रोध? एका वाटेने ६, दुसरीने १८, म्हणजे ४.५ ओहम. अ आणि क मधला? दोन्ही वाटांनी १२, म्हणजे ६. परिपथ तोच, उत्तरं दोन. टोकं न सांगता रोध विचारणं म्हणजे कुठून कुठे ते न सांगता अंतर विचारणं.

आता ब आणि ड च्या मध्ये पाचवा रोध घाला. अ आणि क च्या दृष्टीने ही मांडणी धड एकसर नाही, धड समांतर नाही. तरी ब आणि ड समान विभवावर, म्हणजे विजेच्या एकाच पातळीवर, असल्याने त्या रोधातून धारा वाहतच नाही आणि अ-क मधला तुल्य रोध ६ च राहतो. एकसर-समांतर ही जोडण्यांची नावं आहेत. 'तुल्य' त्यांवर अवलंबून नाही, म्हणून मला तोच शब्द पक्का वाटतो.

प्रश्नकर्ती:
पटलं. 'अ आणि क यांच्यामधला तुल्य रोध', असंच लिहीन. जाता जाता एक: त्या वस्तूलाही रोधच म्हणायचं की रोधक?

प्रतिसाद:
गुणधर्म तो रोध, वस्तू ती रोधक, हा भेद मला सोयीचा वाटतो. 'गतिरोधक' गाडी थांबवत नाही, हळू करतो; तसाच हा. फक्त 'विद्युतरोधक' म्हटलं की प्लास्टिक, रबर असे पदार्थ डोळ्यांसमोर येतात, तेव्हा तो शब्द इथे टाळा.