फाईल त्या तारखेची बघा

(फॅमिली ग्रुप. पुण्यात रविवार सकाळ, मिसिसागात शनिवार रात्र.)

सोन्या: दादा, एनएचएलमधल्या सर्वात वाईट ट्रेडची यादी आलीये. टोरोंटोचं नाव दोनदा आहे. झोपला नसशील तर बोल.

दादा (मिसिसागा): दोनदाच? यादी करणारा दयाळू दिसतोय.

आत्या: कसला ट्रेड रे? शेअरचा का? आप्पाला विचारा.

दादा (मिसिसागा): खेळाडूंचा, आत्या. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली बर्फावरच्या हॉकीची लीग. करारात तशी अट घातलेली नसेल तर खेळाडूला न विचारता दुसऱ्या टीमला देऊन टाकतात. सकाळी टोरोंटोत, रात्री बोस्टनला.

काकू: म्हणजे ह्यांच्या बदल्या व्हायच्या तसं.

आप्पा: बदलीत निदान प्रवासभत्ता मिळायचा. कोणते दोन ट्रेड, सोन्या?

सोन्या: एक टूका रास्कचा, २००६. एक फिल केसलचा, २००९. दोन्ही बोस्टनबरोबर.

दादा (मिसिसागा): रास्कचं मी सांगतो, जखम माझी आहे. टोरोंटोने २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात, २१व्या नंबरवर हा फिनलंडचा गोलकीपर उचलला. पुढच्याच जूनमध्ये, आमच्याकडून एकही मॅच खेळायच्या आत, तो बोस्टनला देऊन टाकला. बदल्यात अँड्र्यू रेक्रॉफ्ट. तोही गोलकीपर. रेक्रॉफ्टला दोन वर्षांनी पैसे देऊन घरी पाठवावं लागलं. रास्क बोस्टनसाठी ३०८ मॅच जिंकला, त्यांच्या इतिहासात कुठल्याच गोलकीपरने इतक्या जिंकलेल्या नाहीत. २०१४ मध्ये सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफीही त्यालाच. आणि २०१३, २०१८, २०१९ या तीन वर्षी बोस्टनने आम्हाला प्लेऑफमध्ये सात मॅचच्या मालिकेतल्या सातव्या, निर्णायक मॅचमध्ये बाहेर काढलं. तिन्ही वेळा त्यांच्या गोलमध्ये कोण उभा होता, ओळखा.

आत्या: अरेरे. घरचंच पोर की.

ताई (कॅलगरी): दादाचा हा मेसेज दर हिवाळ्यात येतो. मी सेव्ह करून ठेवलाय.

आप्पा: दादा, एक विचारू? तू सांगितलंस ते सगळं २००६ नंतरचं. २००६ च्या जूनमध्ये टेबलावर काय कागद होते?

दादा (मिसिसागा): म्हणजे?

आप्पा: ३०८ विजय त्या दिवशी कोणाला दिसत होते? पोराचं वय काय?

दादा (मिसिसागा): १९.

आप्पा: आणि समोरच्याचं?

दादा (मिसिसागा): २६. २००४ मध्ये लीगमधला सर्वोत्तम नवोदित म्हणून काल्डर ट्रॉफी मिळालेली. म्हणजे हो, नाव मोठं होतं.

आप्पा: बघ. तू निकाल आधी वाचलास आणि पुरावा मागून गोळा करतोयस.

सोन्या: पण आप्पा, निकालच बघायचा ना शेवटी? खेळ आहे. हार्दिकला मुंबईने गुजरातकडून परत आणलं, २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबई तळाला गेली. सगळे म्हणाले, चूक झाली.

आप्पा: ते वानखेडेवर पहिल्या मॅचपासूनच म्हणत होते, तळाला जायची वाट कोण बघत होतं.

ताई (कॅलगरी): सोन्या, त्या यादीत ब्रेट हल आहे का?

सोन्या: आहे ना! १९८८. कॅलगरीने सेंट लुईसला दिला. लिहिलंय, "कॅलगरीची घोडचूक".

ताई (कॅलगरी): वाटलंच. मग मी जरा लांब लिहिते, सगळ्यांनी चहा घ्या. मार्च १९८८. हल २३ वर्षांचा, ५२ मॅचमध्ये २६ गोल केलेला. पोरात दम आहे हे दिसत होतं. कॅलगरीने तो आणि आणखी एक खेळाडू देऊन रॉब रॅमेज हा अनुभवी डिफेन्समन आणि रिक वॉम्स्ली हा राखीव गोलकीपर घेतला. पुढे सेंट लुईसमध्ये हलने लागोपाठ तीन मोसमांत ७२, ८६ आणि ७० गोल मारले. करिअरमध्ये ७४१. कागदावर घोडचूकच.

पण मे १९८९ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, कोणी जिंकलं? कॅलगरीने. माँट्रियलला त्यांच्याच फोरम स्टेडियममध्ये हरवून. त्या प्लेऑफमध्ये आमचा गॅरी सुटर जबडा मोडून बाहेर बसला, आणि त्याच्या मागे उभा राहायला रॅमेज होता म्हणून निभावलं. कॅलगरीच्या नावावर आजपर्यंत तो एकच कप आहे. हल ठेवला असता तर गोल खूप झाले असते. कप झाला असता का, ते छातीवर हात ठेवून कोण सांगणार? इथल्या जुन्या लोकांना विचारलं तर त्यातले निम्मे म्हणतात, परत करा तोच ट्रेड.

सोन्या: आणि उरलेले निम्मे?

ताई (कॅलगरी): ते माझ्यासारखे नंतर आले. आम्हाला कपही बघायला मिळाला नाही आणि हलही.

आप्पा: हे बरोबर आहे. त्या माणसाने आंबे विकून छप्पर शाकारलं. पाऊस आल्यावर आंब्यांची आठवण काढण्यात अर्थ नाही.

आत्या: आप्पा, आज फार सुचतंय तुला. तुझ्या चौकशीची आठवण झाली वाटतं.

सोन्या: कसली चौकशी?

ताई (कॅलगरी): आप्पा, सांगू का मी?

आप्पा: मीच सांगतो. आता त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मी तेव्हा खानदेशातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. २००५ च्या दिवाळीनंतर एका शेतकऱ्याला पोल्ट्रीचं कर्ज मंजूर केलं. कागद चोख. आधीच्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही, शेड स्वतःची, विमा नियमाप्रमाणे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू निघाला. भारतातला पहिला. पक्षी मारून पुरले, राज्यभर कोंबडीला गिऱ्हाईक उरलं नाही. आमच्या माणसाच्या कोंबड्या धडधाकट होत्या, पण घेणार कोण? कर्ज बुडालं.

मग खात्यांतर्गत चौकशी. समोरचा साहेब विचारतो, साथीच्या रोगाची शक्यता तुम्ही विचारात का घेतली नाही? मी म्हटलं, साहेब, मंजुरीच्या तारखेला देशात हा रोग कोंबड्यांत एकदाही निघाला नव्हता. तो म्हणाला, पण निघाला ना. यावर काय बोलणार.

ताई (कॅलगरी): तेव्हा घरात कोंबडी हा शब्द काढायला बंदी होती. मी शाळेचा धडा वाचताना "कुक्कुटपालन" आलं तर गाळून पुढे जायचे.

काकू: आणि अंडाकरी बंद झाली ती दोन वर्षं.

आप्पा: माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. त्याच महिन्यात मी एका गृहस्थाला ट्रॅक्टरचं कर्ज दिलं होतं. त्याचे कागद निम्मे अपुरे. साहेबांचा फोन होता म्हणून दिलं. त्याने व्याजासकट फेडलं. ती फाईल कोणीही उघडली नाही. खरं तर चौकशी त्या फाईलची व्हायला हवी होती. म्हणून सोन्या, तुझ्या यादीत चुकीच्या पद्धतीने केलेले पण नशिबाने जमलेले ट्रेड किती आहेत, ते बघ.

सोन्या: 😐 एकही नाही.

दादा (मिसिसागा): आप्पा, हे पटलं. पण मग कुणालाच जबाबदार धरायचं नाही का? प्रत्येक मॅनेजर म्हणेल, साहेब, बर्ड फ्लू आला.

आप्पा: धरायचं की. त्या तारखेच्या कागदांवरून धरायचं. केसलचं काय झालं होतं?

दादा (मिसिसागा): २००९ च्या सप्टेंबरमध्ये बोस्टनकडून केसल घेतला. चांगला गोल मारणारा, २१ वर्षांचा. बदल्यात रोख काही नाही, पुढचे ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे आपले नंबर, दिले. २०१० ची पहिली आणि दुसरी फेरी, २०११ ची पहिली फेरी. इथे जितकी टीम खराब, तितका पिक वरचा. आमचा हिशोब होता की केसल आल्यावर टीम सुधारेल, म्हणजे पिक मधला कुठला तरी जाईल. २०१० मध्ये आम्ही ३० पैकी २९वे आलो. बोस्टनला दुसऱ्या नंबरचा पिक मिळाला, त्यांनी टायलर सेगिन उचलला. पुढच्या वर्षीच्या पिकवर डग्गी हॅमिल्टन.

आप्पा: त्याआधीच्या वर्षी तुमची टीम कशी होती?

दादा (मिसिसागा): वाईटच. प्लेऑफला गेली नव्हती. त्याच्या आधीची तीन वर्षंही नाही.

आप्पा: मग इथे धरा जबाबदार. खेळाडू चांगला घेतला, पण स्वतःची ऐपत न बघता कोरा चेक दिला. आपण खराब आहोत हे तरी त्या दिवशी माहीत होतं ना? सेगिन पुढे कसा निघाला याच्याशी मला कर्तव्य नाही.

ताई (कॅलगरी): गंमत म्हणजे बोस्टनने तोच सेगिन २०१३ मध्ये डॅलसला देऊन टाकला, आणि तिथे तो खरा बहरला. आणि केसलने टोरोंटो सोडल्यावर पिट्सबर्गला जाऊन २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन कप उचलले.

सोन्या: मग जिंकलं कोण?!

दादा (मिसिसागा): पिट्सबर्ग. ते तर त्या ट्रेडमध्ये नव्हतेही.

१३ मे २०१३ ची रात्र सांगतो. मला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. बोस्टनविरुद्ध सातवी मॅच. केसल आमच्याकडून, सेगिन आणि रास्क तिकडे. दोन्ही ट्रेडची माणसं एकाच बर्फावर. तिसऱ्या सत्रात आम्ही ४-१ ने पुढे, त्यातला एक गोल केसलचा. मी मनात म्हटलं, वसूल झाला. त्यानंतर ४-२, ४-३, आणि ५१ सेकंद उरले असताना ४-४. जादा वेळेत ५-४. घरी जाताना बसमध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्या दहा मिनिटांत केसलच्या ट्रेडबद्दलचं माझं मत दोनदा बदललं. ट्रेड तोच, चार वर्षांपूर्वीचा.

आप्पा: छान सांगितलंस.

आत्या: पोहे झालेत, सोन्या. मोबाइल ठेव.

सोन्या: आलो. ताई, कॅलगरीने कुणाला फुकट दिलं असं एकही नाही का? सगळं समर्थनच करायचं?

ताई (कॅलगरी): आहे. जानेवारी १९९२, डग गिलमूर. दहा खेळाडूंची अदलाबदल, आणि घेणारे कोण, तर टोरोंटो. गिलमूर तोच, ज्याने १९८९ च्या कपच्या शेवटच्या मॅचमध्ये दोन गोल मारले होते. पगारावरून भांडण झालं आणि तो टीम सोडून निघून गेला. घाईघाईत दिला. आम्हाला गॅरी लीमन मिळाला. एके काळी मोसमात ५१ गोल मारणारा, पण कॅलगरीत सगळे मिळून ११. गिलमूरने टोरोंटोत पुढच्याच मोसमात १२७ पॉइंट केले, म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलला केलेली मदत मिळून.

दादा (मिसिसागा): धन्यवाद, ताई. कधीतरी तुमचाही बर्ड फ्लू.

ताई (कॅलगरी): नाही ना. हाच तर मुद्दा आहे. त्या दिवशीचे कागद एकाच बाजूला दिसत होते. टोरोंटोचा मॅनेजर होता क्लिफ फ्लेचर, आणि तो १९९१ पर्यंत कॅलगरीचाच मॅनेजर होता. हलचा ट्रेड त्यानेच केला, गिलमूरला कॅलगरीत त्यानेच आणलं. कुठला खेळाडू किती पाण्यात आहे, ते आमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक.

आप्पा: अरे वा. म्हणजे आपल्या शाखेतला माणूस समोरच्या बँकेत गेला आणि चांगले खातेदार घेऊन गेला. मग तुमच्या नवीन मॅनेजरची चूक ठरते. समोर कोण बसलाय, हा त्या तारखेचाच कागद होता.

दादा (मिसिसागा): आप्पा, मग आता रास्कचा निकाल द्या. मी सगळे कागद ठेवतो. एक, रेक्रॉफ्टला काल्डर, पण ती २००४ ची. ट्रेडच्या आधीच्या मोसमात तो ८ मॅच जिंकला आणि १९ हरला. दोन, रास्क २००६ च्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम गोलकीपर ठरला होता. तीन, आमच्याकडे जस्टिन पॉग नावाचा आणखी एक तरुण गोलकीपर होता. त्याच स्पर्धेत कॅनडाने सुवर्ण जिंकलं, फायनलमध्ये त्याने एकही गोल होऊ दिला नाही. म्हणून टोरोंटोने ठरवलं, दोन पोरं कशाला, पॉग ठेवू आणि रास्क विकू.

आप्पा: दोनातला एक विकायचा, यात चूक नाही. पण रेक्रॉफ्टच्या बाबतीत तुम्ही दोन वर्षांपूर्वीचा ताळेबंद बघून कर्ज दिलंत. गेल्या वर्षीचा तोटा फाईलमध्येच होता. इथे चार्जशीट द्यायला हरकत नाही.

दादा (मिसिसागा): त्याच्या बाजूने एक सांगतो. पहिल्या मोसमात रेक्रॉफ्टने ३७ मॅच जिंकून टोरोंटोच्या विक्रमाची बरोबरी केली होती. प्लेऑफ एका पॉइंटने हुकला.

आप्पा: म्हणजे एक पॉइंट जास्त मिळाला असता तर लोक इतक्या लवकर बोलले नसते. ताळेबंद तरी तोच.

सोन्या: (पोहे खाता खाता) आप्पा, तुमच्या चौकशीचं काय झालं शेवटी?

आप्पा: अडीच वर्षांनी निर्दोष सुटलो. बढतीची यादी तोपर्यंत दोनदा लागून गेली होती. असो. दादा, त्या पॉगचं पुढे काय झालं?

दादा (मिसिसागा): एनएचएलमध्ये सात मॅच. मग युरोपात खेळत राहिला.

आप्पा: सात हजार?

दादा (मिसिसागा): सात. फक्त सात.

आप्पा: म्हणजे सगळा व्यवहार त्याच्या तारणावर उभा होता.

काकू: तारण कोंबड्यांचंच म्हणा की.

ताई (कॅलगरी): आई!! त्यांच्यासमोर शब्द काढलास!

आप्पा: काढू दे. आज अंडाकरी करा.