बाकावरच्या आठवणी आणि सावंत वहिनींचा प्रश्न

सौ. सावंत (बी ४०२): सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी बागेतल्या बाकावर ज्येष्ठ मंडळींच्या शाळकरी वयातल्या आठवणी चांगल्याच रंगल्या होत्या, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्याच बाकामागे मुले सायकली लावतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. माझा अकरा वर्षांचा मुलगा वर आला तो गप्प गप्प होता. रात्री दिवा मालवल्यावर त्याने विचारले, "कुलकर्णी आजोबा लहानपणी कसल्यातरी आजाराने मरणार होते ना, तो आजार मला पण होईल?" सगळे आजोबा त्यावर मोठ्याने हसत होते, म्हणून त्याला जास्तच भीती वाटली. बाकाचे काय करायचे ते नंतर ठरवू. आधी कोणीतरी एवढे सांगा की, अकरा वर्षांच्या मुलाला याचे उत्तर मी कोणत्या शब्दांत द्यावे?

निमकर (ए २०३): वहिनी, कुलकर्णी आज पंचाहत्तरीत आहेत आणि रोज पहाटे जिना चढून गच्चीवर फेऱ्या मारतात. त्यावरून तो आजार फारसा घातक नसावा, असे चिरंजीवांना बेलाशक सांगावे.

पाटील, सचिव (सी १०२): सर्व सभासदांना नम्र विनंती आहे की, हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. वैयक्तिक विषयांवरील चर्चा कृपया प्रत्यक्ष भेटून करावी.

कुलकर्णी (ए १०१): सचिवसाहेब, माझे नाव उघडपणे आले आहे, तेव्हा मला उघडपणेच लिहू द्या. वयात येताना झोपेत जे बहुतेक मुलांच्या बाबतीत घडते, ते माझ्याही बाबतीत घडले, आणि ते काय आहे हे सांगणारे घरात किंवा शाळेत कोणीही नव्हते. वरच्या वर्गातल्या एका जाणत्या समजल्या जाणाऱ्या मुलाने छातीठोकपणे सांगितले की, वीर्याचा एक थेंब तयार व्हायला रक्ताचे शंभर थेंब खर्ची पडतात. मी गणितात बरा होतो. शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते हे पुस्तकात होते, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर भागाकार मांडला आणि आपण काही वार्षिक परीक्षेपर्यंत टिकत नाही, असा निष्कर्ष काढला. मग गोट्यांचा डबा धाकट्या भावाला देऊन टाकला. त्याला वाटले की दादाला अचानक माया आली आहे. काल मी हे सांगितले तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. पण तेव्हा मी रात्र रात्र जागा असायचो.

खरे (सी २०४): सावंत वहिनींचा मुद्दा बाजूला पडू नये म्हणून लिहितो. अशा विषयांची जाहीर वाच्यता होऊ लागली की मुलांच्या कानावर नको ते पडते. आमच्या पिढीला कोणी काही शिकवले नाही, तरी आमचे संसार व्यवस्थित झाले. २००७ मध्ये शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम आपल्या राज्याने थांबवला होता, आणि तो निर्णय योग्यच होता.

सौ. सावंत (बी ४०२): खरेकाका, माझा मुद्दा तो नाही. मुलाच्या कानावर शब्द पडला याची मला चिंता नाही, अर्धवट पडला याची आहे. प्रश्न पुन्हा लिहिते: अकरा वर्षांच्या मुलाला याचे उत्तर मी कोणत्या शब्दांत द्यावे?

दामले सर (सी ३०१): कुलकर्णींच्या आठवणीत भर घालण्याचा मोह आवरत नाही. आमच्या शास्त्राच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा होता. नव्हता असे नव्हे. पण आमचे मास्तर पचनसंस्था संपवून खडू ठेवत, खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, "पुढचा भाग सोपा आहे, तो घरी वाचा." परिणाम असा झाला की, वर्षअखेरीस सगळे पुस्तक कोरे करकरीत असे आणि तेवढ्या चार पानांच्या कडा बोटांच्या घामाने काळ्या पडलेल्या असत. शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रतीतून तर ती पाने पात्याने इतकी सफाईने कापलेली होती की, हे काम विद्यार्थ्याचे की ग्रंथपालांचे, यावर आमच्यात दोन तट पडले होते. मला आजही ते ग्रंथपालांचेच वाटते, कारण इतकी सरळ रेघ आमच्यापैकी कोणालाही मारता येत नव्हती.

निमकर (ए २०३): सर, आमच्याकडे शब्दकोश होता. टेबलावर कसाही ठेवला तरी तो त्याच एका पानावर उघडत असे. त्यात एका शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा शब्द दिलेला असे, आणि दुसऱ्याचा अर्थ म्हणून पुन्हा पहिला. असे आमचे शिक्षण गोल गोल फिरत राहिले.

शेख (सी ४०४): मी टपाल खात्यात नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट सांगतो. वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर 'गमावलेली शक्ती' परत मिळवून देणाऱ्यांच्या जाहिराती येत, आणि त्यांची औषधे व्हीपीने, म्हणजे पैसे भरून सोडवायच्या टपालाने येत. साधे तपकिरी वेष्टन, पाठवणाऱ्याचे नाव नाही, वर फक्त 'खाजगी'. पार्सल सोडवायला पुष्कळदा मिसरूडही न फुटलेली मुले यायची. सुटे पैसे मुठीत घट्ट धरलेले असायचे आणि सही करताना हात थरथरायचा. ते पार्सल घरी जाऊ न देता मी खिडकीवर ठेवून घ्यावे, अशी त्यांची विनवणी असे. त्यांना कसलाही आजार नाही हे मला कळत होते, पण खिडकीच्या आतून ते बोलणे माझे काम नव्हते. आज बाकावर आम्ही हे हसत सांगतो, कारण आता त्याला भिण्याचे वय उलटून गेले आहे.

जोशीकाकू (ए ३०२): पुरुषमंडळींचे वाचून असे वाटावे की, कुतूहल काय ते यांनाच होते. आमच्या शाळेत एक दिवस मुलींना सभागृहात नेले, दारे लावली, पाहुण्या बाईंनी अर्धा तास खालमानेने काहीतरी सांगितले आणि शेवटी बजावले की, यातले अक्षरही मुलांना कळता कामा नये. तुम्ही त्या वेळी मैदानावर चेंडू खेळत होता. आम्ही बाहेर आलो तेव्हा तुम्ही फिदीफिदी हसलात, आणि पुढे वर्षभर आमच्याशी धड बोलला नाहीत.

निमकर (ए २०३): काकू, आम्ही चेंडू खेळत नव्हतो, सभागृहाच्या खिडकीखाली बसलो होतो. ऐकू काहीच आले नाही, एवढाच काय तो पश्चात्ताप आहे.

जोशीकाकू (ए ३०२): हे आपण सहकुटुंब असलेल्या ग्रुपवर लिहीत आहात, याचे भान ठेवावे. गेल्या वर्षी वार्षिक सभेतही आपण असेच काहीतरी बोलला होता, ते मी विसरलेले नाही.

निमकर (ए २०३): तो विषय तेव्हाच मिटला होता, असा माझा समज होता.

जोशीकाकू (ए ३०२): आपला होता.

दामले सर (सी ३०१): मूळ विषयाकडे येऊ. खरे यांनी 'आमच्या पिढीला कोणी शिकवले नाही' असे लिहिले आहे, पण शिकवू पाहणारा मनुष्य आपल्याच भाषेत आपल्याही आधी होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्यापायी प्राध्यापकी गमावली, खटले आणि दंड सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. वाचकांच्या शंकांना उत्तरे देणे हा अश्लीलतेचा गुन्हा कसा ठरतो, हाच त्या वेळचा प्रश्न होता. त्या मासिकाचे काही अंक आमच्या वडिलांच्या ट्रंकेत तळाशी, धोतराच्या घडीत होते. मला ते सापडले तेव्हा मी स्वतः शिक्षक झालो होतो.

अमित कुलकर्णी (ए १०१): सर, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी दहावीत आपला विद्यार्थी होतो. आपण परागीभवन सविस्तर शिकवले, बेडकाची आकृती फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी काढली आणि त्यानंतर म्हणालात, "मनुष्याचे साधारण असेच असते." वर्गातल्या अर्ध्या मुलांनी ते शब्दशः खरे धरले.

दामले सर (सी ३०१): अमित, वर्ग एकत्र होता, मागच्या बाकांवर खिदळणे सुरू झाले होते आणि मुख्याध्यापकांनी 'त्या धड्यावर वेळ घालवू नये' असे तोंडी सांगितले होते. लेखी कोणी देत नसे. तुम्हाला परीक्षेत त्यावर प्रश्न आला असता तर मी जबाबदार ठरलो असतो, पण तो कधीच येत नसे, कारण प्रश्नपत्रिका काढणारेही आमच्यातलेच होते.

अमित कुलकर्णी (ए १०१): आणि बाबा, शंभर थेंबांची आणि गोट्यांच्या डब्याची गोष्ट मी काल बाकाजवळून जाताना पहिल्यांदा ऐकली. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना आपण ती मला सांगितली असतीत, तर तोच भागाकार मी माझ्या वहीत मांडला नसता.

कुलकर्णी (ए १०१): तुझ्या टेबलावर मी एक पुस्तक ठेवले होते.

अमित कुलकर्णी (ए १०१): ते ब्रह्मचर्यावर होते, बाबा. ते वाचून आकडा शंभराच्याही वर गेला.

पाटील, सचिव (सी १०२): एकाच घरातील दोन सभासदांनी आपसातील संवाद कृपया घरात करावा.

सौ. सावंत (बी ४०२): सगळ्यांच्या आठवणी मी मनापासून वाचल्या. आता तिसऱ्यांदा विचारते आणि यानंतर विचारणार नाही: अकरा वर्षांच्या मुलाला याचे उत्तर मी कोणत्या शब्दांत द्यावे?

निमकर (ए २०३): हा प्रश्न सावंत भाऊंनाही विचारता येईल. माझ्या सगळ्या संदेशांखाली त्यांच्या निळ्या खुणा दिसत आहेत.

श्री. सावंत (बी ४०२): मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे.

डॉ. फडणीस (बी १०४): उशिरा लिहिते आहे, दवाखान्यात होते. सावंत वहिनी, उत्तर अगदी साधे आहे आणि त्यासाठी खाली मान घालायची गरज नाही. त्याला सांगा: "मोठे होताना प्रत्येक मुलाचे शरीर बदलते. उंची वाढते, घशातले स्वरयंत्र मोठे होते म्हणून आवाज फुटतो, केस येतात, आणि कधी कधी झोपेत वीर्य बाहेर येऊन कपडे ओले होतात. त्याने दुखत नाही, अशक्तपणा येत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. कुलकर्णी आजोबांना हे कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून ते घाबरले. तुला असे झाले तर आम्हाला सांग, आणि नाही सांगितलेस तरी घाबरू नकोस." मुलांमध्ये हे बदल साधारण नऊ ते चौदा या वयात सुरू होतात, म्हणजे त्याने विचारले ते योग्य वेळी विचारले.

थेंबांच्या हिशोबाबद्दलही लिहिते, कारण तो हिशोब मनात ठेवून साठीतले रुग्णही माझ्याकडे येतात. वीर्य रक्तापासून बनत नाही. त्यातला बहुतेक भाग ग्रंथींचा स्राव असतो, आणि शुक्रपेशी वयात आल्यापासून सतत तयार होत राहतात. एक पेशी पूर्ण तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तोवर पुढच्या लाखोंचे काम चालू झालेले असते. साठा संपण्याचा प्रश्नच येत नाही. ही भीती फक्त आपल्याकडची आहे असेही नाही. तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने १७६० मध्ये वीर्यनाशाने शरीर झिजते असे पुस्तक लिहिले आणि शंभराहून अधिक वर्षे युरोपातले शिक्षक त्याच धाकाने मुलांना गप्प बसवत राहिले. आपल्याकडे डॉ. विग यांनी १९६० मध्ये या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणाला, झोप उडण्याला आणि खिन्नतेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. आजार असतो तो त्या भीतीचा. कुलकर्णीकाकांची उडालेली झोप खरी होती, तिचे कारण तेवढे खोटे होते.

खरे (सी २०४): डॉक्टर, आपल्या ज्ञानाबद्दल शंका नाही. पण लहान वयात सांगितले की मुले तिकडे वळतात, ही पालकांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

डॉ. फडणीस (बी १०४): ती भीती मी समजू शकते, मात्र पुराव्याने ती टिकत नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत जगभरातले अभ्यास तपासून हेच नोंदवले आहे की, असे शिक्षण दिल्याने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत. स्वीडनने १९५५ मध्ये हा विषय शाळांत सक्तीचा केला. आणखी एक गोष्ट. ज्या मुलाला अवयवांची नावे घेता येतात, त्याला कोणी नको तिथे हात लावला तर ते घरी येऊन सांगताही येते. नावेच माहीत नसलेले मूल काय सांगणार?

शेख (सी ४०४): डॉक्टरांचे हे शेवटचे वाक्य माझ्यासारख्यांनी दोनदा वाचावे असे आहे.

कुलकर्णी (ए १०१): सावंत वहिनी, हरकत नसेल तर मी स्वतः वर येऊन चिरंजीवांशी बोलतो. डॉक्टरांनी लिहिले आहे तेच वाचून दाखवीन, पदरचे काही घालणार नाही.

सौ. सावंत (बी ४०२): काका, अवश्य या. त्याचे बाबाही त्या वेळी घरी असतील. त्यांची मीटिंग तोपर्यंत संपलेली असेल.

दामले सर (सी ३०१): डॉक्टर सोबत असतील तर रविवारी सकाळी सोसायटीच्या सभागृहात सगळ्या मुलांसाठी तासभर हा विषय घेण्याची माझी तयारी आहे. आकृत्या मी काढीन. मनुष्याच्या.

जोशीकाकू (ए ३०२): मुलींना वेगळे बसवणार नसाल तरच माझी नात येईल.

डॉ. फडणीस (बी १०४): सगळ्यांना एकत्रच बसवू. ज्यांना काही खासगीत विचारायचे असेल त्यांच्यासाठी एक खोके ठेवू, त्यात नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येईल. पालक मागच्या रांगेत बसले तरी चालेल, पण हसायचे नाही.

पाटील, सचिव (सी १०२): सभागृह रविवारी सकाळी दहा ते बारा रिकामे आहे. मात्र संमतीशिवाय कोणाच्याही मुलाला बसवले जाणार नाही. इच्छुक पालकांनी फ्लॅट क्रमांक आणि मुलाचे वय कळवावे.

खरे (सी २०४): माझा नातू येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

सौ. सावंत (बी ४०२): जशी आपली इच्छा, खरेकाका. फक्त तो रोज संध्याकाळी माझ्याच मुलाबरोबर सायकल चालवतो, त्यामुळे सोमवारी तो हे सगळे त्याच्याकडून ऐकणार आहे. डॉक्टरांकडून ऐकलेले बरे की त्याच्याकडून, एवढाच विचार शनिवारपर्यंत करावा.