सव्हानाला एक दिवस: तुम्ही काय काय पाहिलंत?

अटलांटाहून गाडीने चारेक तास, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांचं सव्हाना करून झालं असणार. सासूसासरे पुण्याहून आलेत, चालायला दोघंही खमके, फक्त जिने नको म्हणतात. दिवस एकच आहे. नुसती ठिकाणांची यादी नको, तुमचे अनुभव लिहा.

*

गाडी एकदा लावायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बघायचंच नाही. ओगलथॉर्पने १७३३ मध्ये गाव वसवलं तेच चौक आखून, पुढे ते वाढत वाढत २४ झाले, त्यातले २२ अजून आहेत, म्हणजे जरा चाललं की सावली आणि बाक आलाच. ओकच्या फांद्यांवरून करडं स्पॅनिश मॉस लोंबत असतं, आमच्या आई लांबूनच म्हणाल्या, अगं या तर पारंब्या! हे अननसाच्या कुळातलं आहे म्हटलं तर त्यांचा विश्वासच बसेना. जॉन्सन स्क्वेअरपासून बुल स्ट्रीट धरून सरळ जा, पाच चौक ओलांडले की फोर्साइथ पार्कचं १८५८चं पांढरं कारंजं.

*

जिने नको असतील तर रिव्हर स्ट्रीटला जपून. वरच्या बे स्ट्रीटवरून खाली नदीवर उतरणारे दगडी जिने भलते उभे आहेत, पण सिटी हॉलजवळ लिफ्ट आहे. खालचे दगडही ओबडधोबड, जुन्या जहाजांनी वजनासाठी भरून आणलेले आणि इथं टाकून दिलेले. पण बसायला जागा तीच! पलीकडून कंटेनरचं जहाज येतं ना, अख्खी सोसायटी सरकत चालल्यासारखं, काठावरच्या इमारती खुज्या दिसायला लागतात. समोरच्या बेटावर जायला फेरी फुकट आहे, बाबा दोनदा गेले.

*

चौक, कारंजी ठीक आहे, पण फ्रँकलिन स्क्वेअरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च चुकवू नका. १८५९ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत गुलामीतल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी उभारली. तळघरातल्या जमिनीला भोकं आहेत, ठरावीक नक्षीत पाडलेली. पळून आलेले लोक त्या फळ्यांखाली लपायचे आणि भोकं त्यांना श्वास घेण्यासाठी, असं तिथं सांगतात. मी वाकून पाहिलं, बोट कसंबसं जाईल एवढी. नदीकाठच्या त्या कापसाच्या देखण्या वखारी नंतर बघवत नाहीत, निदान आधीसारख्या तरी नाही.

*

वरच्याला +१. बाकी जुनं गाव टिकलं ते काही आपोआप नाही. अमेरिकन यादवी युद्धात अटलांटा जाळून आलेल्या उत्तरेच्या सेनापती शर्मनने डिसेंबर १८६४ मध्ये सव्हाना न जाळता लिंकनला तारेने ख्रिसमसची भेट म्हणून दिलं, ते सगळे गाईड सांगतात. पण १९५४ मध्ये गावानेच एलिस स्क्वेअरमधला जुना बाजार पाडून पार्किंग गराज बांधलं, आणि पुढचा नंबर डेव्हनपोर्ट हाऊस या जुन्या घराचा होता! सात बायकांनी पैसे जमवून ते विकत घेतलं. मला तर शर्मनपेक्षा ह्या बायका भारी वाटतात. गराज आता जमिनीखाली गेलंय, वर पुन्हा चौक.

*

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही?? शाकाहारी असाल तर विचारून घ्या, पालेभाजीतही डुकराचं मांस निघतं. ग्रिट्स मागवा, मक्याचा रवा शिजवलेला असतो, वर कोळंबी नको म्हणून स्पष्ट सांगायचं. रिव्हर स्ट्रीटवर प्रलीनचा (साखर आणि पेकन नटांची मिठाई) गरम तुकडा चाखायला देतात, सासऱ्यांना डायबेटिस असेल तर दुसऱ्या फुटपाथने न्या :)

*

जुलै-ऑगस्टमध्ये नेऊ नका, घाम आणि बारीक चावरे किडे. मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डेच्या आसपासही नको, गावात पाय ठेवायला जागा नसते आणि जो तो हिरव्या कपड्यात, हातात बिअर. नोव्हेंबर बेस्ट.