जुन्या करारातलं ‘वस्त्रे फाडली’: नेमकं काय फाडायचे, किती आणि कुठून?

पानगळ:
मराठी बायबलमध्ये जुना करार ओळीने वाचतेय. दर चार-दोन अध्यायांनी कुणीतरी वस्त्रं फाडतं. याकोब फाडतो, दावीद फाडतो, एज्रा फाडतो, ईयोबाला भेटायला आलेले मित्रही फाडतात. कापड हातमागाचं, घरी कातलेलं, म्हणजे महाग. मग दर मयताला एक अंगरखा वाया घालवत होते का? हे दुःखाच्या भरात व्हायचं की त्याची काही ठरलेली रीत होती? आणखी एक कोडं म्हणजे लेवीय २१:१० मध्ये मुख्य याजकाने वस्त्रं फाडू नयेत असं स्पष्ट लिहिलंय. तरी नव्या करारात, मार्क १४:६३ मध्ये, येशूच्या चौकशीत मुख्य याजकच ती फाडतो. हे कसं?

अलेफबेथ:
आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. कपड्याच्या चिंध्या करत नसत. हिब्रू क्रियापद ‘कारा’, म्हणजे चीर पाडणे. चीर पडलेला कपडा अंगावरच राहायचा आणि तो लोकांना दिसावा हाच हेतू असायचा. २ शमुवेल १:२ पाहा. शौलाच्या छावणीतून निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी सिकलागला पोचतो तो फाटक्या वस्त्रांत आणि डोक्यावर माती घेऊन. तोंड उघडायच्या आधीच बातमी कळते. यिर्मया ४१:५ मध्ये शखेम, शिलो आणि शोमरोनहून ८० माणसं याच वेशात नैवेद्य घेऊन वाट चालत येतात. चिंध्या पांघरून इतका प्रवास होत नाही.

चीर आतपर्यंत जायची याचा उत्तम पुरावा २ राजे ६:३० मध्ये आहे. शोमरोनला वेढा पडलाय, दुष्काळ इतका की एका बाईने पोटचं पोर शिजवल्याचं राजाला सांगितलं जातं. तो तटावरून चालता चालता वस्त्रं फाडतो आणि लोकांना दिसतं की आत त्याने अंगाला लागून गोणपाट नेसलंय. वरून राजवस्त्र आणि आत शोक. चिरेमुळे तो उघडा पडला.

भावनेच्या भरात की रीत? दोन्ही. रऊबेन रिकाम्या खड्ड्यापाशी वस्त्रं फाडतो (उत्पत्ति ३७:२९) तेव्हा कुणी त्याला सांगितलेलं नसतं. पण २ शमुवेल ३:३१ मध्ये दावीद चक्क हुकूम सोडतो की वस्त्रं फाडा, गोणपाट नेसा, अबनेरासाठी शोक करा. हुकूम कुणाला, तर अबनेराचा खून करणाऱ्या यवाबालाच! हुकमाने करून घेता येतं म्हणजे ती सर्वांना ओळखीची, जाहीर खूण होती.

मयत हे एकच निमित्त नव्हे. लढाईतली हार (यहोशवा ७:६), देवनिंदा कानावर पडणं (२ राजे १८:३७), तामारेवर झालेला अत्याचार (२ शमुवेल १३:१९), देवाचा कोप ओळखणं (योशीया राजा, २ राजे २२:११), सगळी त्यात येतात. अहीया संदेष्ट्याने नव्या वस्त्राचे १२ तुकडे करून १० यराबामाला दिले, तो प्रकार मात्र यात मोजू नका. क्रियापद तेच असलं तरी तिथे कापड म्हणजे वाटून दिलं जाणारं राज्य. शोकाचा संबंध नाही.

टाकाधागा:
मापांबद्दल सांगतो, पण एक सावधगिरी. बायबलमध्ये माप कुठेच नाही. खालचे नियम मिश्ना आणि तालमूद या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथांमधले, मुख्यतः ‘मोएद कातान’ या प्रकरणातले, म्हणजे दाविदाच्या कितीतरी शतकांनंतर लिहून ठेवलेले. ते जसेच्या तसे याकोबाच्या अंगरख्यावर लावू नयेत.

या विधीचं नाव ‘क्रीआ’. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा किंवा बायको यांच्यासाठी ती सक्तीची. उभं राहूनच फाडायचं, कारण ईयोब १:२० मध्ये ईयोब ‘उठला’ आणि मग झगा फाडला. गळ्यापासून खाली, समोरच्या बाजूला. पाठीवर, कुशीला किंवा खालच्या काठाला फाडलं तर विधी झाला नाही. लांबी किमान एक ‘तेफाख’, म्हणजे चार बोटांची मूठ, साधारण ८ ते ९ सेंटिमीटर. याचा आधारही गमतीदार आहे. २ शमुवेल १:११ मध्ये दाविदाने वस्त्रं ‘धरून’ फाडली, आणि मुठीत धरायला तेवढं कापड लागतंच.

आईवडिलांसाठी सगळंच कडक. इतरांसाठी अंगात १० कपडे असले तरी फक्त वरचा फाडायचा. आईवडिलांसाठी सगळे फाडायचे, छाती उघडी पडेपर्यंत. इतरांसाठी हत्यार चालतं, आईवडिलांसाठी हातानेच.

लोक चुकतात ते गळपट्टीपाशी. गळ्याची दुमडलेली, शिवलेली कड तशीच ठेवून तिच्या खाली चीर दिली, तर ती खिळ्याला अडकून फाटल्यासारखी दिसते. रब्बी (ज्यू धर्मशिक्षक) यहूदाने तर अशा चिरेला पोरकट म्हटलंय. कड तुटली पाहिजे, कपडा दोन भागांत गेलेला दिसला पाहिजे. अलीशाने एलीयासाठी ‘दोन तुकडे’ केले (२ राजे २:१२), त्यावरून हे काढलंय. इतरांसाठी यात सूट, आईवडिलांसाठी नाही. स्त्रियांबाबत रब्बी शिमोन बेन एलाजारची सूचना अशी की आधी आतला कपडा फाडावा, त्याची चीर पाठीकडे फिरवावी, मग वरचा फाडावा. म्हणजे विधीही होतो आणि अंगही उघडं पडत नाही.

पानगळ:
म्हणजे नासाडी एका मुठीएवढी. पण मग तो कपडा पुन्हा शिवत होते का? आणि अंगात दुसऱ्याचा कपडा असेल तर?

टाकाधागा:
शिवत होते, आणि नियमांचा खरा बारकावा तिथेच आहे. दोन गोष्टी वेगळ्या धरल्यात: नुसतं टाचणं आणि फाटलं होतं हे कळूही नये असं पक्कं शिवणं. इतर नातेवाइकांसाठी ७ दिवसांनी टाचायचं, ३० दिवसांनी पक्कं शिवायचं. आईवडिलांसाठी ३० दिवसांनी टाचायचं आणि पक्कं कधीच शिवायचं नाही. बाईने मात्र लगेच टाचून घ्यावं.

परिणाम पाहा. टाचलेल्या जागेवरूनच पुढच्या मयताला पुन्हा फाडलं तर विधी धरला जात नाही, कारण ते नुसते टाके निघाले. पक्क्या शिवणीवरून फाडलं तर चालतं, ते आता अखंड कापड मानलं जातं. आईवडिलांसाठी फाडलेला कपडा विकायचा तर गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, कारण त्यालाही तो पक्का शिवायची मनाई आहे.

दुसऱ्याच्या कपड्याचं उदाहरण तालमूदमध्येच आहे. एकजण म्हणतो, ‘तुझा सदरा दे, वडील आजारी आहेत, भेटून येतो.’ पोचतो तर वडील गेलेले. त्याने तो सदरा फाडावा, शिवावा, परत करावा आणि चिरेची भरपाई द्यावी. आजारी वडिलांकडे जातोय हे सांगूनच मागितला असेल तरच. सांगितलं नसेल तर सदऱ्याला हात लावायचा नाही.

जुनी_पोथी:
मुख्य याजकाबद्दल. अलेफबेथ यांनी एकच क्रियापद दिलंय, पण लेवीय २१:१० मध्ये ‘कारा’ नाहीच. तिथे ‘पाराम’ आहे. हे क्रियापद अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये तीनदा येतं आणि तिन्ही वेळा लेवीयमध्येच: १०:६ (नादाब आणि अबीहू मेल्यावर अहरोन, एलाजार व इथामार यांना मनाई), १३:४५ (त्वचारोगाने अशुद्ध ठरलेल्याचे कपडे) आणि २१:१०. पुढच्या हिब्रूत त्याचा अर्थ शिवण उसवणे. मराठीत आपल्याकडे ‘फाडणे’ आणि ‘उसवणे’ असे दोन छान वेगळे शब्द असताना भाषांतरात सगळीकडे ‘फाडणे’च आलं, त्यामुळे हा फरक वाचकाला दिसत नाही. अर्थात रब्बी परंपरेने दोन्ही एकच धरलं, म्हणून त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये.

आता कयफा, म्हणजे येशूच्या चौकशीतला मुख्य याजक. (मार्क नाव देत नाही, मत्तय देतो.) पहिला मुद्दा संदर्भाचा. २१:१० नंतर लगेच २१:११ मध्ये प्रेताजवळ जाऊ नये, आईबापासाठीही नाही, असं आहे. मनाई शोकापुरती आहे. देवनिंदेचा नियम निराळा. मिश्ना, सान्हेद्रिन ७:५ प्रमाणे साक्षीदाराने ते शब्द उच्चारले की न्यायाधीश उभे राहून वस्त्रं फाडतात आणि ती पुन्हा पक्की शिवत नाहीत. साक्षीदार फाडत नाहीत, कारण त्यांनी मुळात ऐकलं तेव्हाच फाडलेली असतात. मार्क १४:६३ या चौकटीत बसतं: फाडलं आणि ‘आता साक्षीदार कशाला?’

दुसरा मुद्दा कपड्याचा. मंदिरातल्या झग्याच्या गळ्याला विणीव कड होती, तो फाटू नये म्हणूनच (निर्गम २८:३२). पण तो झगा त्या रात्री कयफाच्या अंगावर असणं अवघड. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस सांगतो की तेव्हा ही वस्त्रं रोमनांच्या ताब्यात, अँटोनिया किल्ल्यात ठेवलेली असत आणि सणांपुरती बाहेर काढत. इ.स. ३६ च्या सुमारास सीरियाचा रोमन सुभेदार विटेलियसने ती याजकांना परत केली. मार्क तर ‘खितोन’ म्हणतो, म्हणजे साधे अंगरखे.

शोकातही मुख्य याजकाला थोडी वाट ठेवलेली दिसते. मिश्नातलं होरायोत ३:५ म्हणतं, मुख्य याजक खालून फाडतो, साधा याजक वरून. ‘खालून’ म्हणजे तळाचा काठ, की गळपट्टीच्या खाली? यावर राव आणि श्मुएल या तालमूदमधल्या रब्बींचं एकमत नाही.

अलेफबेथ:
‘पाराम’ची दुरुस्ती मान्य.

पानगळ, योशीया वाचून झाला असेल तर त्याला लागून यिर्मया ३६ वाचा. योशीयाने नियमशास्त्राची गुंडाळी ऐकून वस्त्रं फाडली. त्याचाच मुलगा यहोयाकीम नवव्या महिन्यात शेगडीपुढे बसलाय, यिर्मयाची गुंडाळी वाचली जातेय, आणि तीन-चार रकाने झाले की तो लेखनिकाच्या चाकूने ती कापून विस्तवात टाकतो. ३६:२३ मध्ये या कापण्याला क्रियापद ‘कारा’च आहे आणि पुढच्याच ओवीत येतं की त्यांनी वस्त्रं ‘कारा’ केली नाहीत. तालमूदने यावरून नियम काढला की असं जबरीने जाळलेलं धर्मशास्त्र पाहणाऱ्याने दोन चिरा द्याव्यात, एक चर्मपत्रासाठी, एक अक्षरांसाठी. त्याही पक्क्या शिवायच्या नाहीत.