विषय: सहलीची बिअर, ४.२ की ७.५? आज रात्री ऑर्डर जाते आहे

सचिव:
मंडळी, पुरवठादाराला आज रात्री नऊपर्यंत उत्तर द्यायचं आहे, नाहीतर केग (बिअरची पिंपं) हातचे गेले. दोनच पर्याय उरलेत: ४.२ टक्के अल्कोहोलची पिल्सनर (फिकट, हलकी बिअर) किंवा ७.५ ची स्ट्राँग लागर. दोन्ही ५० लिटरच्या केगमध्ये. प्रकार एकच घ्यावा लागेल, कारण नळ एकच शिल्लक आहे (दुसऱ्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे). कृपया नुसता आकडा कळवा. चर्चा नको.

अण्णा:
७.५. मागच्या वेळी बिअर म्हणून पाणी पाजलंत. चार ग्लास रिचवूनही डोक्याला पत्ता नाही. उन्हात दहादा रांगेत उभं राहण्यापेक्षा दोन ग्लासांत काम होतं. केगही कमी लागतील, खजिनदार खूश.

खजिनदार:
खजिनदाराला यात ओढू नका. केग कमी लागतील हे कुठल्या हिशेबानं? अण्णा, माणूस टक्के पीत नाही, ग्लास पितो. हातातला रिकामा झाला की भरून आणतो, गप्पा चालू राहतात. ७.५ आणली म्हणून कोणी अर्ध्यावर थांबलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

अर्ध्या लिटरच्या ग्लासात ४.२ टक्के म्हणजे २१ मिली शुद्ध अल्कोहोल, ७.५ टक्के म्हणजे ३७.५ मिली. तीन ग्लास झाले की एकीकडे ६३, दुसरीकडे ११२.५. दोरीखेचीच्या वेळचं आठवतंय ना? ती बिअर सहाची होती.

माझं मत ४.२.

पेयसमिती (मी एकटाच उरलोय, तरी समिती आहे):
सचिवांनी थेट पुरवठादाराशी बोलायचं कारण काय? तीन वर्षं हे काम समितीकडे आहे. मत नंतर देतो.

ताई:
खजिनदारांचे मिली बरोबर आहेत, पण शरीराचा हिशेब ग्रॅममध्ये चालतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ०.७९ ने गुणायचं. ४.२ चा अर्धा लिटर म्हणजे साडेसोळा ग्रॅमच्या आसपास, ७.५ चा साडेएकोणतीस. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. त्याला घाई करता येत नाही. कॉफी, गार पाण्याची अंघोळ, मैदानाला फेऱ्या, कशानंही नाही. म्हणजे ४.२ चा एक ग्लास उतरायला दोनेक तास आणि ७.५ चा तीन ते चार. आपली सहल बारा ते सहा. तुम्हीच बघा.

शिवाय तेवढ्याच वजनाच्या बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो, त्यामुळे त्याच ग्लासानं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. ‘सगळ्यांना सारखंच’ हे इथे लागू नाही. गाडी चालवणाऱ्यांनी घ्यायचीच नाही, त्यावर मत मागवलेलं नाही.

नाना:
आकड्यांवर सगळे तुटून पडलेत, पण अण्णांच्या तक्रारीला कोणी हात घातला नाही. मागची बिअर पाणचट लागली हे खरं. ती टक्क्यांमुळे नव्हे. केगमधल्या वायूचा दाब कमी ठेवला होता, फेस धरत नव्हता, आणि बर्फात पुरून ती इतकी गार केली होती की जिभेला चवच लागेना. दाब लावायचं काम माझ्याकडून काढून कोणाकडे दिलं होतं ते इथे लिहीत नाही.

थोडं सविस्तर सांगतो, कारण दरवर्षी हाच वाद होतो. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. आंबवण्याआधी रसात हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती काचनळी) बुडवायचा, आंबवून झाल्यावर पुन्हा बुडवायचा, दोन्हींतला फरक १३१ ने गुणायचा. मी घरी केलेल्या मागच्या घाण्यात आधी १.०४८ होतं, नंतर १.०१०. फरक ०.०३८, म्हणजे पाच टक्के. (नळीत सोडल्यावर हायड्रोमीटरला एक गिरकी द्या. बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. आधी वायू काढून टाकायचा, हे तर पहिलं.)

आता भरीवपणा येतो कशातून? यीस्टला पचत नाही असं जे मागे उरतं त्यातून. माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) ६३ अंशाला भिजत ठेवलं तर साखर जास्त पचते आणि बिअर कोरडी होते. ६८ ला ठेवलं तर अंग राहतं. म्हणून ४.२ च्या दोन बिअर एकमेकींसारख्या लागतीलच असं नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका. गिनेसचा ड्राफ्ट काळाकुट्ट, लोक त्याला जड समजून बिचकतात, तो ४.२ च. आणि डुव्हेल सोनेरी, दिसायला अगदी निरागस, ती ८.५.

आपल्याला जी ७.५ देऊ करतायत तशा स्वस्त स्ट्राँग लागरमध्ये बऱ्याचदा वरून साखर घालून टक्के वाढवलेले असतात. साखर पूर्ण आंबते, मागे काही ठेवत नाही. अंग पातळ आणि घशाला मात्र चटका. गार असेपर्यंत कळत नाही. उन्हात ग्लास कोमट झाला की स्पिरिटचा वास वर येतो. चांगली स्ट्राँग मला आवडते, डॉपेलबॉक (जर्मन स्ट्राँग लागर) तर फारच, पण ती संध्याकाळी, छोट्या ग्लासात, दहा-बारा अंशांवर, सावकाश. मैदानात अर्ध्या लिटरनं नाही.

४.२. दाब मी लावणार ही अट.

दादा:
नाना, तुमच्या मेलवरून आठवलं. माझ्याकडे एक चेक बाटली पडून आहे, लेबलवर १२ लिहिलंय. ही १२ टक्के का? बायको फ्रिजमध्ये ठेवू देत नाही.

नाना:
ते टक्के नव्हेत, अंश आहेत. आंबवण्याआधीच्या रसात १०० ग्रॅममागे १२ ग्रॅम विरघळलेला अर्क, बहुतेक साखर. आंबवून झाल्यावर त्याचं पाचच्या आसपास अल्कोहोल होतं. १० लिहिलेली असते ती चारेक टक्क्यांची. टक्के त्याच लेबलवर बारीक अक्षरांत असतात, चष्मा लावून बघा. आणि वहिनींना ठेवू द्यायला सांगा.

अण्णा:
अमेरिकेत दारूबंदी सैल करून १९३३ साली बिअर पुन्हा सुरू केली तीही ३.२ ची. म्हणजे सरकारलाच पाणी आवडतं. आपण मंडळ आहोत, सरकार नाही.

खजिनदार:
अण्णा, ते ३.२ वजनानं होतं. आपल्या लेबलांसारखं आकारमानानं धरलं तर ४ टक्के. म्हणजे आपल्या पिल्सनरच्या जवळपास तेवढंच.

वहिनी (वरच्या दादांची नव्हे):
न पिणाऱ्यांचं कोणी बोलतच नाही. मागच्या वेळी ‘अल्कोहोल-फ्री’ म्हणून जो खोका आणला, त्यावर ०.५ होतं. बऱ्याच देशांत अर्ध्या टक्क्यापर्यंतची बिअर अल्कोहोलविरहित म्हणून विकता येते. आमच्याकडे औषधं चालू असलेलं माणूस आहे आणि मुळीच न घेणारी तीन-चार घरं आहेत. या वेळी ०.० लिहिलेलीच आणा, आणि ती वेगळ्या पेटीत ठेवा. बर्फात सगळं एकत्र लोटलं की लेबलं भिजून सुटतात.

अण्णा:
अर्ध्या टक्क्यानं कोणाला काय होणार आहे?

वहिनी:
काय होतं हा प्रश्नच नाही. नको म्हटलंय.

पेयसमिती:
०.० वाली चवीला बरी निघते का, हे आधी बघायला हवं. आंबवून मग अल्कोहोल काढून घेतलेली बरी लागते. कमी दाबावर तापवतात, म्हणजे ते कमी तापमानालाच उडतं. आंबवणं मध्येच थांबवून केलेली गोडमिट्ट लागते, कच्च्या माल्टचा वास येतो. मी दोन-तीन आणून ठेवतो. हे समितीच्या अखत्यारीत आहे, कृपया दुसऱ्या कोणी खोके उचलू नयेत.

मत: ४.२.

नाना:
एक राहिलं. लेबलवरचा आकडा तंतोतंत नसतो. युरोपीय संघात साडेपाच टक्क्यांपर्यंतच्या बिअरला अर्धा टक्का इकडेतिकडे चालतो, त्यावरच्यांना पूर्ण एक. अमेरिकेत ०.३.

ताई:
म्हणजे युरोपीय नियमानं ती ७.५ प्रत्यक्षात साडेआठही असू शकते. अण्णा, ऐकताय ना?

अण्णा:
साडेसहाही असू शकते. ते कोणी लिहीत नाही.

बरं, केग तुमच्या मनासारखा घ्या. मी माझ्या डुव्हेलच्या बाटल्या घेऊन येतो. छोट्याच आहेत, ३३० च्या.

ताई:
छोट्या ३३० मध्ये २८ मिली शुद्ध अल्कोहोल. पिल्सनरच्या अर्ध्या लिटरमध्ये २१. छोटी बाटली जास्त भरते, अण्णा. आणा, पण तासाभराला एक या चालीनं चालणार नाही, आणि परतीची तुमची गाडी मुलाकडे.

अण्णा:
मुलाला आधी विचारा, त्याचं मत कुठलं होतं.

सचिव:
आठ वाजून पन्नास मिनिटं. ४.२ चे दोन केग सांगितले. ०.० चे खोके पेयसमिती आणेल, पेटी वेगळी, किल्ली वहिनींकडे. नळ आणि दाब नानांकडे, त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बाहेरच्या बाटल्या ज्याच्या त्यानं सांभाळायच्या आणि रिकाम्या परत न्यायच्या. पेयसमितीचा पहिला प्रश्न पुढच्या बैठकीत घेऊ, इथे नको.

पेयसमिती:
बैठक कधी आहे?