जुन्या डॉस प्रोग्रामवर चालणारे चाचणीयंत्र नव्या संगणकाला कसे जोडावे?

तन्यता (हिंगणा, नागपूर):

नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीतील एका खासगी साहित्य-चाचणी प्रयोगशाळेत काम करतो. बांधकामाच्या सळया ओढून तपासण्याचे आमचे यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) बरेच जुने आहे, पण त्याचा सांगाडा, हायड्रॉलिक भाग आणि लोडसेल (भार मोजणारा भाग) उत्तम स्थितीत आहेत आणि कॅलिब्रेशनमध्ये ते आजही नीट उतरते. अडचण आहे ती त्याच्या संगणकाची. यंत्राचे नियंत्रण-पॅनेल आरएस-२३२ (जुन्या सिरियल पोर्टच्या) केबलने एका पेंटियम संगणकाला जोडलेले आहे. त्यावरचा डॉस प्रोग्राम भार आणि लांबीतील वाढ सतत वाचतो, आलेख काढतो, आणि नमुना तुटताच पंप थांबवण्याची आज्ञाही पॅनेलला पाठवतो. या संगणकाच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर आता फुगले असून उन्हाळ्यात तो अधूनमधून आपोआप बंद पडतो.

प्रोग्राम विंडोज ११ च्या लॅपटॉपवर थेट चालवून पाहिला, तेव्हा तो सुरूच झाला नाही. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, यूएसबी-टू-सिरियल अडॅप्टर लावून, तो सुरू झाला आणि आकडेही आले. परंतु आलेख मध्येच तुटतो, विशेषतः सळई यील्ड होण्याच्या (कायमची लांबू लागण्याच्या) आसपास, आणि पंप थांबण्याची आज्ञा कधीकधी उशिरा पोहोचते. प्रोग्रामचा सोर्स आमच्याकडे नाही आणि तो पुरवणारा व्यवसाय बंद झाला आहे. संपूर्ण इलेक्ट्रॉनिक्स बदलण्याचा खर्च सध्या झेपणारा नाही. योग्य मार्ग कोणता?

फ्लॉपी१४४:

इतर काहीही करण्यापूर्वी त्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून घ्या. केवळ फाइली कॉपी करणे पुरेसे नाही. त्या काळातील काही प्रोग्राम डिस्कवरील ठरावीक जागी आपली खूण ठेवत, आणि साध्या कॉपीत ती येत नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून लिनक्सच्या डीडीरेस्क्यूने प्रतिमा घ्यावी, कारण खराब सेक्टर आढळले तरी तो थांबत नाही, पुढे जातो आणि मागाहून त्यांच्याकडे परत येतो. कॅलिब्रेशनचे गुणांक बहुधा याच डिस्कवरील एखाद्या छोट्या फाइलीत असतील. ते गेले, तर प्रोग्राम वाचवूनही उपयोग होणार नाही. प्रिंटर पोर्टला एखादा डोंगल (प्रोग्रामच्या परवान्याची छोटी किल्ली) लावलेला आहे का, तेही पाहून ठेवा.

सिरियलपोर्ट (वर्धा रोड):

आपल्या वर्णनात दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या वेगळ्याच हाताळायला हव्यात.

पहिली विंडोजची. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट डॉस प्रोग्राम चालत नाहीत, कारण प्रोसेसर ६४ बिट अवस्थेत असताना जुन्या प्रोग्रामसाठी लागणारी आभासी ८०८६ अवस्था उपलब्ध नसते, आणि ३२ बिट विंडोजमध्ये तिच्या आधारे काम करणारा एनटीव्हीडीएम हा भाग ६४ बिट आवृत्तीत ठेवलेलाच नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात मिळते, त्यामुळे तेथे डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर हाच उपाय उरतो.

दुसरी अडचण वेळेची आहे, आणि तुमचा आलेख मला वाटते तिच्यामुळेच तुटतो. डॉसच्या काळातील प्रोग्राम सहसा ऑपरेटिंग सिस्टिमला काहीही न विचारता थेट हार्डवेअरशी बोलत. पहिला सिरियल पोर्ट म्हणजे ३एफ८ हा पत्ता आणि इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) ४, दुसरा म्हणजे २एफ८ आणि इंटरप्ट ३, हे गृहीत धरूनच ते लिहिलेले असत. अक्षर आले की इंटरप्ट येतो आणि प्रोग्राम ते लगेच उचलतो. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट), आठ डेटा बिट आणि एक स्टॉप बिट धरल्यास, प्रत्येक अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे येतात. यूएसबी अडॅप्टर मात्र अक्षरे साठवून गठ्ठ्याने पाठवतो. एफटीडीआय चिपच्या अडॅप्टरमध्ये हा थांबा मूळ मांडणीत १६ मिलिसेकंदांचा असतो आणि तेवढ्या वेळात ९६०० बॉडला सुमारे १५ अक्षरे साचतात. प्रोग्राम जर दोन अक्षरांमधील अंतर मोजून ‘नवे रीडिंग सुरू झाले’ असे ठरवत असेल, तर त्याचा पुरता गोंधळ उडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रगत मांडणीत लेटन्सी टायमर (हाच थांबा) १ मिलिसेकंद करता येतो. तो करून पाहा. डॉसबॉक्सच्या मांडणीत डायरेक्टसिरियल या पोर्ट जोडणाऱ्या नोंदीसोबत आरएक्सडिले हा घटकही देता येतो. अक्षरे हरवत असतील तर तो वाढवावा.

तरीही, ज्या प्रोग्रामच्या हातात पंप थांबवणे आहे, तो मी एम्युलेटर आणि यूएसबी या दोन थरांवर सोपवणार नाही. त्यासाठी खरा सिरियल पोर्ट असलेला, जुन्या पद्धतीने बूट होणारा डेस्कटॉप घ्यावा आणि त्यावर थेट डॉस चालवावे. फ्रीडॉस यासाठी मोफत उपलब्ध आहे. १९९४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अजूनही जिवंत आहे. सीताबर्डीत कार्यालयांतून निघालेले जुने डेस्कटॉप मिळतात. त्यांतील अनेकांच्या मागे नऊ पिनांचा पोर्ट असतो, आणि नसला तरी मदरबोर्डवर ‘कॉम’ असे छापलेला पिनांचा संच पुष्कळदा असतो. तो पोर्ट सुपर आय-ओ चिपमधून येतो आणि बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) त्याला ३एफ८ व इंटरप्ट ४ देता येतात. वेगळे पीसीआय कार्ड घेताना मात्र सावध राहा: अशा कार्डाला बायॉस भलताच पत्ता देतो, आणि पत्ता प्रोग्राममध्ये कायमचा लिहिलेला असेल तर ते त्याला दिसणारच नाही.

एक गोष्ट आधी तपासा. प्रोग्राम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला असेल, तर वेगवान प्रोसेसरवर तो सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडू शकतो. पास्कलचे सीआरटी युनिट सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजते आणि त्या मोजणीतील भागाकाराचे उत्तर १६ बिटांत मावत नाही. ईएक्सई फाइल दुरुस्त करणारे छोटे पॅच त्यावर मिळतात.

बिनतारी:

मला हा मार्ग पटत नाही. जुन्या डेस्कटॉपवर डॉस म्हणजे तीच अडचण काही वर्षे पुढे ढकलणे आहे. पॅनेल आणि संगणक यांच्यातील संभाषण टिपून घ्यावे आणि पायथनमध्ये नवा प्रोग्राम लिहावा, हे मला अधिक टिकाऊ वाटते. त्यासाठी केबलच्या दोन्ही डेटा तारांवरून फाटा काढून, प्रत्येक तार दुसऱ्या संगणकावरील एकेका पोर्टच्या पिन २ ला द्यावी आणि दोन्हीकडची ग्राउंड जोडावी. म्हणजे मूळ कामात व्यत्यय न आणता दोन्ही बाजूंची अक्षरे नोंदवता येतात. या वयाच्या पॅनेलांचे प्रोटोकॉल पुष्कळदा साध्या अक्षरांत असतात: एक आरंभचिन्ह, आकडा, चेकसम (चूक ओळखण्यासाठीची बेरीज), आणि ओळीचा शेवट.

सिरियलपोर्ट (वर्धा रोड):

संभाषण टिपून ठेवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि जुना संगणक चालू आहे तोवरच ते करायला हवे. तो बंद पडला की ही संधी संपेल. मात्र आकडे वाचणारा प्रोग्राम लिहिणे आणि पंपाला आज्ञा देणारा प्रोग्राम लिहिणे यांत फार मोठे अंतर आहे. उलगडा न झालेली एखादी आज्ञा चुकीच्या क्षणी गेली, तर ओढलेल्या सळईसमोर माणूस उभा असतो. म्हणून नवा प्रोग्राम प्रथम केवळ वाचणारा असावा. आणि कोणताही मार्ग घेतला तरी तात्काळ थांबण्याचे लाल बटण आणि मर्यादा-स्विच थेट पंपाच्या कॉन्टॅक्टरवर (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर) असायला हवेत. संगणकातून जाणारी आज्ञा ही सुरक्षेची व्यवस्था मानू नये.

मोजमाप:

प्रयोगशाळेच्या बाजूने थोडे सांगतो. आपण आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाखाली मान्यताप्राप्त असाल, तर २०१७ च्या आवृत्तीतील कलम ७.११ नुसार, माहिती हाताळणाऱ्या प्रणालीतील बदल वापरात आणण्यापूर्वी त्याला अधिकृत मंजुरी, त्याची नोंद आणि त्याची वैधता-तपासणी आवश्यक असते. प्रोग्राम तोच आहे म्हणून संगणक बदलल्याची नोंद टाळू नये. एकाच सळईतून कापलेले नमुने जुन्या आणि नव्या मांडणीवर आळीपाळीने तपासा, आणि यील्ड व कमाल भार यांची तुलना लेखी ठेवा. आपला आलेख यील्डजवळ तुटत होता, म्हणून केवळ कमाल भार जुळला याने समाधान मानू नये. आयएस १७८६ या सळयांच्या भारतीय मानकाखाली सळईची प्रत (ग्रेड) मुळात यील्ड किंवा प्रूफ स्ट्रेसवरच (ठरावीक अल्प कायम वाढीच्या ताणावरच) ठरते. त्या तुटक मांडणीवर कोणताही अहवाल दिला गेला असेल, तर तो परत तपासणे मला आवश्यक वाटते.

तन्यता (हिंगणा, नागपूर):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉसबॉक्सच्या मांडणीवर आम्ही एकही अहवाल दिलेला नाही. ते नमुने केवळ चाचणीपुरते होते. डिस्कची प्रतिमा निघाली असून गुणांकांची फाइल सापडली आहे. एक जुना डेस्कटॉपही मिळाला आहे. त्याच्या मागे पोर्ट नाही, पण मदरबोर्डवर ‘कॉम १’ असे छापलेल्या नऊ पिना आहेत. बायॉसमध्ये तो ३एफ८ वर दिसतो, तरी घरातली एक रिबन केबल लावल्यावर प्रोग्रामला पॅनेल सापडत नाही. पोर्टच खराब असेल का?

सिरियलपोर्ट (वर्धा रोड):

पोर्टपेक्षा मला केबलवर जास्त संशय आहे. या पिनांच्या दोन मांडण्या प्रचलित आहेत. एकीत मदरबोर्डवरील पिनेचा क्रमांक आणि कनेक्टरचा क्रमांक सारखाच असतो. दुसरीत रिबनच्या तारा कनेक्टरवर १, ६, २, ७ अशा आळीपाळीने उतरतात. दोन्ही केबली दिसायला सारख्याच असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. पॅनेल न जोडता संगणक सुरू करा आणि मल्टिमीटरने नऊ पिनांच्या कनेक्टरवर पिन ५ च्या तुलनेत पिन ३ वरचा विद्युतदाब मोजा. पोर्ट शांत असताना तेथे उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसायला हवा; तो न दिसल्यास दुसऱ्या मांडणीची केबल आणा. दिसल्यास पिन २ आणि ३ एकमेकींना जोडून एखाद्या टर्मिनल प्रोग्राममध्ये अक्षरे टाइप करा, ती परत आली पाहिजेत. पॅनेलची केबल लावताना यंत्र आणि संगणक दोन्ही बंद ठेवा, आणि त्यांना एकाच अर्थिंगवर घ्या.