मदत हवी आहे: वाटलेली पुस्तकं कपाटावरून खाली कशी आणावीत?

नमस्कार. धागा लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही पाच जणी मिळून एक ते चार वर्षांच्या मुलांना गोष्टींची पुस्तकं फुकट देतो. हेतू एवढाच की घरात कुणीतरी मुलाला मांडीवर घेऊन रोज दहा मिनिटं वाचावं. चाळीस घरं, प्रत्येकी चार पुस्तकं, एकदमच देऊन टाकली. दोन महिन्यांनी सहज एका घरी डोकावले. आईनं स्टुलावर चढून कपाटावरची पिशवी काढली. चारही पुस्तकं करकरीत. "बघा, एकालाही डाग पडू दिला नाही." केवढ्या कौतुकानं सांगत होती! मुलगी खाली उभी राहून दोन्ही हात वर करत होती. मला बोलायला सुचेना.

मग आणखी नऊ घरी जाऊन आले. सात ठिकाणी हीच तऱ्हा. "फाडतो हो तो", "जरा मोठी झाली की देऊ". एका घरचे बाबा तर हळूच म्हणाले, "मलाच धड वाचता येत नाही, त्याला काय वाचून दाखवू?"

तर पुस्तक देताना नेमकं काय करावं? (उपदेश नको. लोक माना डोलावतात आणि पिशवी वर जाते.) चार एकदम द्यावीत की दर महिन्याला एक? आणि त्या बाबांचं काय? "त्यापेक्षा वाचनालय काढा" हा सल्ला कृपया देऊ नका. मूल तापानं फणफणलेलं असताना पुस्तक परत करायची तारीख कोण लक्षात ठेवतं!

प्रतिसाद

पुस्तक आईच्या हातात दिलंत ना? तिथेच चुकलं. मुलाच्या हातात द्या आणि दोन मिनिटं तिथेच बसा. बोस्टनमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या 'रीच आउट अँड रीड'मध्ये बाळ तपासणीला आलं की डॉक्टरच त्याला पुस्तक देतात. सहा महिन्यांचं बाळ ते आधी तोंडात घालणार, दीड वर्षाचं दोन-तीन पानं एकदम उलटणार. हे असंच व्हायचं असतं, हे आईबाबांना तिथल्या तिथे दिसतं. दोन वर्षांखालच्यांना पातळ कागद देऊच नका, जाड पुठ्ठ्याच्या पानांची घ्या. आणि पहिला ओरखडा तुम्हीच काढा. आतल्या पानावर पेनानं ठळक मुलाचं नाव लिहा. नाव पडलं की ते पुस्तक दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाला जात नाही. (हसू नका, आमच्याकडे गेलंय.)

प्रतिसाद

महिन्याला एकच. चार आली की ठेवा होतो, एक आलं की पाहुणा येतो. गायिका डॉली पार्टननं १९९५ मध्ये टेनेसीतल्या आपल्या सेव्हिअर काउंटीत असंच सुरू केलं: जन्मापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक, टपालानं, मुलाच्या नावावर. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यातूनच हे सुचल्याचं ती सांगते.

त्या बाबांना बिनशब्दांचं चित्रपुस्तक द्या. चित्रावर बोट ठेवून "हा कुठे निघालाय?" एवढंच विचारायचं. मूल "भूभू" म्हणालं की "हो, काळा भूभू, पळतोय" असं थोडं वाढवून त्यालाच परत द्यायचं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८० च्या दशकात याचीच पद्धत बांधली, 'डायलॉजिक रीडिंग' म्हणतात. त्यात मोठ्यांनी वाचण्यापेक्षा मुलाला बोलतं करण्यावर भर असतो.

प्रतिसाद

वरच्या दोघांना +१. पण पाच जणींना महिन्याला चाळीस घरं झेपणार नाहीत. १५ घरं नीट करा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये १९९२ साली 'बुकस्टार्ट' हे बाळांना फुकट पुस्तकं द्यायचं कामसुद्धा ३०० बाळांपासूनच सुरू झालं, आणि त्यांच्यामागे ग्रंथालय होतं, आरोग्यखातं होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. यादी वीसवर आणली (पंधरावर येववलं नाही). काल त्या बाबांकडे बिनशब्दांचं पुस्तक घेऊन गेले, पोराच्या हातात दिलं, नाव त्याच्यासमोरच लिहिलं. बाबा आधी लांबूनच बघत होते. नंतर खाली बसले आणि चित्रातल्या बैलाला बैलाच्याच आवाजात हाक मारली.

आज सकाळी त्यांचा फोन. आवाज पडलेला. "ताई, तिसरं पान फाटलं. चिकटपट्टी लावली तर चालेल का?"